कुलूप लावून निघालेली माणसे

प्रवासाला निघालेला पुणेकर ओळखण्याची एक सोपी खूण आहे. तो जिना उतरतो, सामानासह रिक्षात बसतो, आणि रिक्षा सुरू होणार इतक्यात "एक मिनिट हं" असे म्हणून पुन्हा जिना चढतो. वर जाऊन तो काय करतो, हे साऱ्या आळीला ठाऊक असते. तो कुलूप ओढून पाहतो. एकदा ते ओढून मनाचे समाधान झाले, की मग तो काशीला जावो की कन्याकुमारीला, त्याला कसलीच भीती उरत नाही. वास्तविक कुलूप म्हणजे काय? मूठभर लोखंड! पण त्या मूठभर लोखंडात माणसाने केवढी मोठी गोष्ट गृहीत धरलेली असते: मी परत येणार आहे, आणि येईन तेव्हा माझे घर इथेच असणार आहे.

कुलपाचा इतका विचार मी पूर्वी कधी केला नव्हता. यंदाच्या मेच्या सुटीत, इटलीतील पाँपेईच्या ओसाड रस्त्यांवर, तो करण्याची पाळी आली.

मराठीच्या प्राध्यापकाच्या प्राप्तीत इटली कशी बसते, असा प्रश्न चाणाक्ष वाचकांना पडला असेल. त्याचे श्रेय दोघांना आहे. एक, आमच्या सौभाग्यवतींची चार वर्षांची भिशी; आणि दुसरे, त्यांच्या धाकट्या बंधूंची रोममधली नोकरी. बंधुराजांनी फोनवर बजावले, "ताई, पुढच्या वर्षी मी परत येतोय. यायचं तर आत्ताच या." झाले! सौ.नी हिशेबाची वही काढली, कन्येने मोबाइलवर विमानांचे भाव पाहण्याचा सपाटा लावला, आणि अकरा वर्षांच्या चिरंजीवांनी "तिथला ज्वालामुखी अजून जिवंत आहे का?" हा पहिला प्रश्न टाकला. सत्तरी ओलांडलेली माझी आई तेवढी काही बोलली नाही. तिने मुकाट्याने भाजणी दळून आणली आणि मेतकुटाची बरणी भरली. आई बरोबर येणार, हे आम्हांला असे कळले.

रोममध्ये चार दिवस काढून आम्ही दक्षिणेला नेपल्सला आलो. नेपल्सहून पाँपेईला जाणारी छोटी लोकल आहे. तिच्यातली गर्दी पाहून सौ.ना माहेरचे डोंबिवली स्टेशन आठवले आणि त्यांनी मोठ्या सफाईने आईसाठी बसायला जागा मिळवली. गाडी समुद्राच्या कडेकडेने जाते. एका हाताला निळेशार पाणी आणि दुसऱ्या हाताला सतत तो डोंगर. व्हेसुव्हिअस. उंची १२८१ मीटर. म्हणजे साधारण आपल्या सिंहगडाएवढाच. दोन शिखरांचा, मधे खोलगट, अंगाखांद्यावर झाडी वागवणारा. चिरंजीवांचा फार विरस झाला. "बाबा, धूर कुठाय?" असे त्यांनी तीनदा विचारले.

पाँपेईकरांनाही तो असाच दिसत होता. किंबहुना, हा जळता डोंगर आहे हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हते. त्याच्या उतारावर द्राक्षांचे मळे होते. त्या काळच्या एका भित्तिचित्रात हा डोंगर वेलींनी भरलेला दाखवला आहे आणि शेजारी अंगभर द्राक्षांचे घोस ल्यालेला मद्याचा देव उभा आहे. इ. स. ६२ च्या सुमारास एक मोठा भूकंप झाला. घरे पडली, देवळे पडली. लोकांनी काय केले? लोकांनी गवंडी बोलावले. सतरा वर्षांनी खरा प्रलय आला, तेव्हाही कित्येक घरांची डागडुजी चाललेलीच होती. चुन्याचे ढीग तसेच सापडले आहेत.

आता त्या प्रलयाच्या तारखेची गंमत पाहा. पुस्तकांतून आपण वाचत आलो, ती २४ ऑगस्ट ७९. परंतु २०१८ साली एका घराच्या भिंतीवर कोळशाने लिहिलेला एक मजकूर सापडला. त्यावर १७ ऑक्टोबरशी जुळणारी रोमन तारीख आहे. कोळशाचे अक्षर ते. ते काही वर्षानुवर्षे टिकायचे नाही. शिवाय अवशेषांत शरद ऋतूतली फळे सापडली आहेत. म्हणून आता बरेच विद्वान म्हणतात, की उत्पात ऑक्टोबरच्या अखेरीस झाला असावा. म्हणजे आपल्याकडे दिवाळीचे दिवे लागतात, त्या सुमारास!

पाँपेईला आम्हांला वाटाड्या म्हणून एक प्रौढ इटालियन बाई मिळाल्या. पूर्वी त्या शाळेत शिक्षिका होत्या, त्यामुळे आमचे ताबडतोब जमले. त्या इंग्रजीत सांगत, कन्या त्याचे आजीसाठी मराठी करी, आणि आजी त्यावर जे म्हणे त्याचे इंग्रजी करताना कन्येची त्रेधा उडे.

हे गाव पाहताना प्रथम वाटते ते आश्चर्य, आणि पाठोपाठ वाटते ती ओळख. दगडी फरसबंदी रस्ते. त्यांवर गाड्यांच्या चाकांनी पाडलेल्या चाकोऱ्या. रस्त्याच्या मधोमध, पाऊल टाकण्याच्या अंतरावर, उंच दगडांची रांग. पावसाचे आणि गटाराचे पाणी वाहत असताना पाय न भिजवता पलीकडे जाता यावे म्हणून. गाड्यांची चाके या दगडांच्या मधून बरोबर जात. "बघा," सौ. म्हणाल्या, "दोन हजार वर्षांपूर्वी यांना सुचलं. आपल्याकडे पहिल्या पावसात विटा टाकाव्या लागतात." कोपऱ्याकोपऱ्यावर खाणावळी आहेत. ओट्यात मोठाले रांजण बसवलेले. त्यांतून गरम पदार्थ वाढून गिऱ्हाइकाच्या हाती द्यायचे. २०२० साली अशीच एक खाणावळ उकरून निघाली, तिच्या ओट्यावर कोंबड्याचे आणि बदकांचे चित्र रंगासकट ताजे राहिले आहे. एका भटारखान्याच्या भट्टीत, १८६२ साली, ८१ पाव सापडले. पाव जळून कोळसा झालेले. पण त्यांवरच्या कापांच्या रेषा शाबूत. "एक्याऐंशी!" आई म्हणाली, "कुणाकुणाच्या घरी जायचे असतील!"

एका घराच्या उंबऱ्याशी जमिनीत खड्यांचे कुत्रे बसवलेले आहे आणि खाली लॅटिन अक्षरे: कुत्र्यापासून सावध. पुण्याच्या माणसाला याहून अधिक आपुलकीचे स्वागत ते कोणते? भिंतींवर निवडणुकीच्या जाहिराती आहेत, त्याही शेकड्यांनी. अमुक फळवाल्यांचा अमक्याला पाठिंबा, तमुक शेजाऱ्यांचा तमक्याला. त्यांत व्हाटिया नावाच्या एका उमेदवाराला गावातले भुरटे चोर आणि रात्री उशिरापर्यंत पिणारे लोक यांनी पाठिंबा जाहीर केलेला आहे! हा अर्थातच विरोधकांचा खोडसाळपणा असावा. पण दोन हजार वर्षांत निवडणुकीचे शास्त्र फारसे पुढे गेलेले नाही, हे वाचून मला कसलासा दिलासा वाटला.

हसतखेळत आम्ही असे दीड-दोन तास हिंडलो. मग बाईंनी आम्हांला एका काचेच्या कपाटापुढे नेले, आणि आमचे हसणे बंद झाले.

आत माणसे होती.

ती दगडाची नव्हेत आणि शिल्पकाराने घडवलेलीही नव्हेत. त्याचे असे झाले. डोंगर फुटल्यावर प्रथम काही तास गावावर प्यूमिसचा, म्हणजे फेसाळ हलक्या दगडांचा, पाऊस पडत राहिला. छपरे त्या भाराने कोसळू लागली. पुष्कळ लोक तेवढ्यात निघून गेले. जे मागे राहिले, त्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी डोंगरावरून धावत आलेल्या तप्त वायूच्या आणि राखेच्या लोटाने गाठले. राख अंगावर बसली, घट्ट झाली. आतले शरीर काळाने विरून गेले आणि राखेत फक्त माणसाच्या आकाराची पोकळी उरली. १८६३ साली जुझेप्पे फिओरेल्ली या उत्खननाच्या प्रमुखाला एक युक्ती सुचली. पोकळी लागली की ती फोडायची नाही. छिद्र पाडून तीत पातळ प्लॅस्टर ओतायचे आणि ते सुकल्यावर भोवतालची राख काढायची. राख काढली, आणि कुशीवर निजलेला, तोंडावर हात घेतलेला, गुडघे पोटाशी घेतलेला माणूस जसाच्या तसा पुढे आला. कपड्यांच्या चुण्यादेखील दिसतात. आजवर या गावात हजाराहून अधिक माणसांचे अवशेष मिळाले आहेत. प्लॅस्टरचे असे देह मात्र शंभरेक.

बाई म्हणाल्या, "पुष्कळांच्या जवळ काही ना काही सापडतं. पैसे, दागिने. २०२४ साली एका लहानशा खोलीत एक बाई सापडली, तिच्यापाशी सोन्याची, चांदीची नाणी होती आणि मोत्यांची कर्णभूषणं. आणि आणखी एक वस्तू अनेकांपाशी सापडते. घराची किल्ली."

अठराव्या शतकात, वेशीबाहेरचा एक मोठा बंगला खणताना, बागेच्या दाराशी एक माणूस सापडला. त्याच्यापाशी किल्ली होती. सोबत पैसे घेतलेला दुसरा माणूस, बहुधा त्याचा गुलाम. आणि आत तळघरात अठरा जण, आसऱ्याला बसलेले.

कन्येने हे मराठीत सांगितले. आई शेजारच्या दगडी ओट्यावर बसली. मला वाटले, उन्हाने थकली असेल. पाण्याची बाटली पुढे केली, तर ती म्हणाली, "किल्ली घेणारच. दुसरं काय घेणार माणूस?"

आमच्या घरी देव्हाऱ्याखालच्या खणात एक जुनी लांबट किल्ली आहे. लक्ष्मीपूजनाच्या पाटावर सोन्यानाण्याशेजारी ती मांडली जाते. माझ्या आजीची किल्ली, एवढे मुलांना ठाऊक होते. तिची पुरी हकीकत त्यांनी पाँपेईत ऐकली, आणि खरे सांगायचे तर मीही इतकी सलग तिथेच ऐकली.

१२ जुलै १९६१. पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासला फुटले, आणि मुठेचे पाणी पुण्याच्या नदीकाठच्या पेठांत शिरले. माझी आई त्या वेळी सात वर्षांची. नारायण पेठेत, नदीच्या अंगाला, मातीच्या भिंतींच्या एका वाड्यात त्यांचे दोन खोल्यांचे बिऱ्हाड होते. आजोबा कचेरीत गेलेले. पाणी आले, पाणी आले, अशी ओरड झाली तेव्हा आजीने चुलीवरचे भाताचे पातेले उतरवले, धाकट्या भावाला कडेवर घेतले, बाहेर येऊन दाराची कडी लावली, कडीला कुलूप घातले, ते ओढून पाहिले, आणि किल्ली कनवटीला खोचली.

"ओढून पाहिलं?" चिरंजीवांनी विचारले.

"दोनदा," आई म्हणाली. "मागून लोक ओरडत होते, अहो वहिनी, चला, चला! आणि ती कुलूप ओढतेय."

गल्लीत आले तो पाणी गुडघ्यापर्यंत. आजीच्या एका हातात तान्हे मूल, दुसऱ्या हाताने आईचे मनगट धरलेले. कोपऱ्यावर पाण्याचा जोर वाढला आणि मनगट सुटले. एवढ्यात कुणी तरी एक गृहस्थ पाण्यातून आला, त्याने आईला उचलून खांद्यावर घेतले आणि आजीला पुढे घालून दोघींना उंचावरच्या एका शाळेच्या जिन्यापर्यंत पोचवले. आईला जिन्यावर ठेवले आणि तो परत फिरला.

"कोण होते ते?" कन्येने विचारले.

"कुणास ठाऊक! अंगात खाकी शर्ट होता, एवढं आठवतं. आईनं पुढं कितीक वर्षं रस्त्यानं जाताना खाकी शर्ट दिसला की वळून पाहायची."

पाणी ओसरल्यावर आजी-आजोबा घर पाहायला गेले. वाडा बसला होता. भिंती चिखलात मिसळल्या होत्या. उभी होती ती फक्त दाराची सागवानी चौकट, आणि तिच्यात बंद दार, आणि दाराला कुलूप. डाव्या बाजूने जा, उजव्या बाजूने जा, कुठेही भिंत नव्हती. आजीने कनवटीची किल्ली काढली, कुलूप उघडले, कडी काढली, दार ढकलले, आणि मग ती आत गेली.

हे सांगून झाल्यावर आई बराच वेळ त्या काचेच्या कपाटाकडे पाहत बसली. बाईंनी कन्येला विचारून सगळे समजून घेतले. मग त्यांनी आईला एक गोष्ट सांगितली. पाँपेईत 'सोन्याच्या कंकणाचे घर' म्हणून एक घर आहे. त्यात एक प्रौढ व्यक्ती सापडली, हातात सोन्याचे जाड कंकण, आणि मांडीवर लहान मूल. पन्नासेक वर्षे सारे जग तिला आई आणि लेकरू म्हणत आले. २०२४ साली त्या देहांतल्या हाडांची डीएनए तपासणी जाहीर झाली. कंकण घातलेली ती व्यक्ती पुरुष निघाली. आणि त्या मुलाशी तिचे रक्ताचे काही नाते निघाले नाही.

"आमची फार निराशा झाली," बाई म्हणाल्या. "किती सुंदर गोष्ट होती! आता मुलांना काय सांगायचं?"

कन्येने हे आजीला सांगितले. आई चटकन म्हणाली, "यात निराश कसलं व्हायचं? उलट गोष्ट मोठी झाली. आई घेतेच गं मांडीवर. यानं परक्याचं पोर घेतलं."

कन्येने या वाक्याचे इंग्रजी केले. बाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी आईचा हात आपल्या हातात घेतला आणि वेशीपर्यंत सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी व्हेसुव्हिअस. मोटार हजार मीटरपर्यंत वर जाते. पुढे तोंडापर्यंत पायवाट. तांबूसकाळ्या खडीची, घसरडी. पाऊल एक वीत वर टाकावे तो चार बोटे खाली येते. चढ अर्ध्या तासाचा, पण आईचे गुडघे गेली पाच वर्षे तिच्याशी असहकार पुकारून आहेत. पहिल्याच वळणावर ती थांबली. "तुम्ही व्हा पुढं. मी इथंच बसते. माझ्यापायी पोरांचं नको राहायला."

या वाक्याला त्या डोंगराच्या परिसरात फार जुनी परंपरा आहे, हे मला तिथे आठवले. उत्पात झाला तेव्हा आखाताच्या पलीकडच्या टोकाला, मिसेनमला, प्लिनी नावाचा सतरा वर्षांचा मुलगा आपल्या आईसह मामाकडे राहत होता. मामा थोरला प्लिनी. आरमाराचा अधिपती आणि जगातल्या यच्चयावत वस्तूंवर ग्रंथ लिहिणारा पंडित. डोंगरावर पाइनच्या झाडासारखा उंच ढग चढलेला दिसताच हा मामा पाहायला म्हणून, आणि मग लोकांना सोडवायला म्हणून, गलबते घेऊन निघाला. तो परत आला नाही. दुसऱ्या दिवशी पलीकडच्या किनाऱ्यावर त्याचा अंत झाला. इकडे मिसेनमलाही धरणी हादरू लागली, समुद्र मागे हटला, लोक पळू लागले. तेव्हा आई मुलाला म्हणाली, तू तरुण आहेस, निघून जा. माझ्या वयामुळे आणि देहामुळे तू अडकू नकोस. मुलाने ऐकले नाही. त्याने आईचा हात धरला आणि तिला चालवत नेले. दोघे वाचले. पुढे पंचवीस-तीस वर्षांनी, इतिहासकार टॅसिटसच्या विनंतीवरून, त्याने ही सारी हकीकत दोन पत्रांत लिहून ठेवली. व्हेसुव्हिअसच्या त्या उत्पाताचे डोळ्यांनी पाहिलेले वर्णन आज जगापाशी आहे, ते हेच.

प्लिनीची आई ऐकणारी होती. माझी आई ऐकेना. शेवटी चिरंजीवांनी तोडगा काढला. "आजी, शंभर पावलं चालायची आणि बसायचं." पायथ्याशी भाड्याच्या काठ्या मिळतात, तशी एक काठी डाव्या हातात, उजवा हात नातवाच्या खांद्यावर, अशी शंभर-शंभर पावले मोजत, मधून मधून खडीसाखर चघळत, माझी आई सव्वा तासात व्हेसुव्हिअसच्या तोंडाशी जाऊन पोचली. उतरणारे परदेशी लोक तिच्या नऊवारीकडे पाहून वाट देत होते. एकाने टोपीदेखील काढली.

वरून खाली पाहिले तर एक प्रचंड काहील. कडे उभे तुटलेले, तळाशी दगडधोंडे, आणि एका कपारीतून वाफेचा बारीकसा धागा. "आहे! जिवंत आहे!" चिरंजीव ओरडले. शेवटचा उद्रेक मार्च १९४४ मध्ये, महायुद्धाच्या ऐन धुमाळीत झाला. सान सेबास्तियानो हे गाव लाव्हाखाली सापडले. तेव्हापासून डोंगर शांत आहे. डोंगराची नाडी पाहणारी वेधशाळा १८४१ साली स्थापन झाली; ज्वालामुखींसाठी काढलेली जगातली ती सर्वांत जुनी. पाठ फिरवून समुद्राकडे पाहिले, की पायथ्यापासून किनाऱ्यापर्यंत घरेच घरे. सर्वाधिक धोक्याच्या पट्ट्यात २५ गावे-शहरे आहेत, आणि सुमारे सात लाख माणसे. डोंगर जागा होऊ लागला तर ७२ तासांत त्या सर्वांना हलवायचे, अशी सरकारी योजना आहे.

"सगळं माहीत असून ही माणसं इथं राहतात का?" कन्या म्हणाली. "पाँपेईच्या लोकांना निदान ठाऊक नव्हतं."

मी तिला राखेच्या जमिनीचा कस सांगितला, इथली टोमॅटो, जर्दाळू आणि द्राक्षे सांगितली. आपली सह्याद्रीही लाव्हाच्याच थरांची आहे, सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भुईला भेगा पडून तो वाहिला, आणि कार्ल्याची, वेरूळची लेणी आपण त्याच लाव्हात खोदली, हेही सांगितले. प्राध्यापकाला एकदा तोंड फुटले की ते सहसा मिटत नाही! आईने मात्र एका वाक्यात उत्तर दिले.

"अगं, पानशेतनंतर आम्ही तरी पुणं कुठं सोडलं?"

तिसऱ्या दिवशी नेपल्सचे पुराणवस्तुसंग्रहालय. पाँपेईतली मौल्यवान चीजवस्तू सारी इथे आणून ठेवली आहे. आम्हांला पाहायची होती ती एकच, आणि ती आमच्याकडची. ऑक्टोबर १९३८ मध्ये, पाँपेईच्या एका हमरस्त्यावरील घरात, एक हस्तिदंती बाहुली सापडली. उंची पंचवीस सेंटिमीटरच्या आतबाहेर. ती भारतीय, याबद्दल कुणाचे दुमत नाही. तळाशी खरोष्ठी लिपीतले एक अक्षरही आहे. सापडली तेव्हा तिला लक्ष्मी म्हटले गेले आणि 'पाँपेईची लक्ष्मी' हेच नाव पडून गेले. आता जाणकार म्हणतात, की ही लक्ष्मी नव्हे, यक्षी असावी. एखाद्या आरशाची मूठ किंवा चौरंगाचा पाय असावा. ती जिथे ठेवली आहे, त्या दालनात पूर्वी वाटेल त्याला प्रवेश नसे. आजूबाजूच्या वस्तूंवरून ते का, हे ध्यानात येताच सौ.नी चिरंजीवांचा हात धरला आणि आम्ही सर्वांनी नजर नाकासमोर ठेवून लक्ष्मी गाठली.

हिचे माहेर कोणते? जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला १९७३ साली उत्खनन झाले, तेव्हा अगदी याच धाटणीच्या हस्तिदंती मूर्तीचा भाग मिळाला. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरलाही तिच्या घराण्यातल्या मूर्ती सापडल्या आहेत. म्हणून काही अभ्यासक तिचे माहेर मराठवाड्यात मानतात; खरोष्ठी अक्षरावर बोट ठेवून दुसरे काही तिला उत्तरेकडची म्हणतात. एवढे मात्र खरे, की पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाच्या प्रवासवहीत तगर म्हणजे तेर आणि पैठण ही नावे आहेत, आणि तिथला माल गाड्यांवर लादून भडोच बंदराला जाई हेही लिहिले आहे. हा व्यापार इतका मोठा, की मघाचा तो थोरला प्लिनी आपल्या ग्रंथात तक्रार करतो: हिंदुस्थान दर वर्षी रोमच्या साम्राज्याचे पाच कोटी सेस्टर्स गिळतो! रोमची लक्ष्मी आपल्याकडे येत होती, आणि आपली ही लक्ष्मी त्यांच्याकडे गेली होती. तक्रार करणारा तो पंडित आणि तक्रारीचा हा मासला, दोघांनाही त्याच डोंगराने एकाच वेळी गाठले. व्यवहार तसा एकतर्फी नव्हता. कोल्हापूरला ब्रह्मपुरीच्या टेकडीत १९४४–४५ साली ग्रीकांचा समुद्रदेव पोसायडन याची ब्राँझची छोटी मूर्ती सापडली. ती तिथल्या टाउन हॉल संग्रहालयात आहे. म्हणजे साटेलोटेच म्हणायचे: आपली लेक त्यांच्याकडे, त्यांचा मुलगा आपल्याकडे.

आईने माझे हे सारे व्याख्यान अर्धे कान देऊन ऐकले. तिचे लक्ष त्या मूर्तीकडे होते. हातभर बांगड्या, पायांत भरघोस वाळे, कमरेला मेखला, गळ्यात हार, पाठीवर वेणी. दोन बाजूंना दोन चिमुकल्या दासी. अंगावर दागिन्यांखेरीज काही नाही, याचा आईला विसर पडलेला दिसला.

"लक्ष्मी नव्हे ही," आई म्हणाली. "सासरी गेलेली पोर आहे. कुठलं कोण, केवढ्या लांब दिली! घरची माणसं किल्ल्या घेऊन पळाली, आणि ही राहिली कुलपाच्या आत."

थोड्या वेळाने ती पुन्हा म्हणाली, "दोन हजार वर्षं झाली. दिवाळीला एकदाही मुराळी गेला नाही हिच्याकडं."

नव्या वाचकांपैकी कुणाला मुराळी ठाऊक नसेल, तर सांगतो. सासरच्या लेकीला सणाला माहेरी आणण्यासाठी जो भाऊ जातो, तो मुराळी. दसरा झाला, की सासुरवाशिणीचे डोळे त्याच्या वाटेकडे लागत. तो दारात आला, की तिने घाईघाईने ट्रंक भरायची, आणि सासूच्या पाया पडून निघायचे.

आईने पिशवीतून कुंकवाची डबी काढली. काचेला कुंकू लावता येत नाही, हे तिला ठाऊक होते. तिने डबी उघडून नुसती काचेसमोर धरली, दाखवली, आणि मिटून परत पिशवीत टाकली. रखवालदार खुर्चीवरून पाहत होता, पण तो काही बोलला नाही.

दिवाळी आता चार दिवसांवर आली आहे. कन्येने त्या मूर्तीचा फोटो छापून आणला आहे. लक्ष्मीपूजनाच्या पाटावर तो मांडायचा, हे आजी-नातीने परस्पर ठरवले आहे. फोटोशेजारी नारायण पेठेची किल्ली असेल. "आणि त्या दोघांसाठी एक पणती जास्तीची," आई काल म्हणाली. कोणा दोघांसाठी, ते मी विचारले नाही. एकाच्या हातात सोन्याचे कंकण होते, आणि दुसऱ्याच्या अंगात खाकी शर्ट.